दोघींना तात्काळ मुक्त करा!

माझ्या घरमालकांविरुद्ध मी एक पत्रक लिहिलं होतं. ते वाटलं गेलं असतं, तर म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात त्यांच्या दारात परत कुणी पाय ठेवला नसता. ते वाटलं गेलं नाही. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. मथळ्यात जे असतं तेच खाली असतं.

घरमालकांना सगळा मोहल्ला मामा म्हणायचा. खाली त्यांचं गॅरेज, गॅरेजच्या मागं ते आणि मामी, आणि वर एक खोली, ती माझी. मी सांगलीहून तिथल्या एका कामगार बायकांच्या संघटनेत आले होते. मराठी बोलणारा घरमालक मिळाला म्हणून आईला केवढं समाधान! मलाही होतं, एक दिवस. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांचं मराठी आणि माझं मराठी फार तर मावसबहिणी असतील. मामांचे पूर्वज राजाच्या घोडदळात होते. कुठल्या लढाईत, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते घोड्याला विचारायला पायजे होतंस." तेव्हापासून या घरात मराठी चालत आलेलं, पण वाक्याच्या मध्येच कन्नड येऊन बसायचं आणि उठायचंच नाही.

"चहा घेतलीस काय? घेतली नसशील तर घे की. सुम्ने उभी राहू नकोस. अष्टे." सुम्ने म्हणजे उगीच, आणि अष्टे म्हणजे बोलणं संपलं. अष्टे आलं की मामांशी पुढं वाद घालणं शक्य नसायचं. मी घालायचे.

ते मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "ए सांगली!" माझ्या आधीचा भाडेकरू हुबळी होता, त्याच्या आधीचा मंड्या. "नाव कोण पण ठेवतो ग. गाव ठेवता येत नाही," असं त्यांचं त्यावर उत्तर.

गॅरेजात त्यांच्या कमरेला हातभर रबरी नळी खोचलेली असायची. तिचं एक टोक कानात, दुसरं इंजिनावर, आणि डोळे मिटलेले. स्कूटरचा आजार ते असा ऐकून ओळखायचे. मामींचा मिक्सरही असाच ऐकायचे, आणि एकदा मला खोकला झाला तेव्हा ती नळी घेऊन माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले. "डावीकडं मिस मारतीस," म्हणाले. डॉक्टरनंही डावीकडंच सांगितलं, याचा मला आजही राग आहे.

मोहल्ल्यातल्या शाळामास्तरणी, नर्सबाई, बँकेतल्या पोरी, सगळ्यांच्या स्कूटर मामांकडं. सकाळी स्कूटर सोडायची, संध्याकाळी न्यायची. बऱ्याचजणी घाईत घराच्या किल्लीसकट जुडगा तसाच देऊन जायच्या. मामांच्या मागच्या भिंतीवर खिळे होते आणि खिळ्यांवर ते जुडगे टांगलेले. म्हैसूरमध्ये दुसरा कुठला पुरुष आहे, की ज्याच्याकडं एवढ्या बायका घराची किल्ली ठेवून जातील? तेव्हा हे मला दिसत होतं, पण मी बघत नव्हते.

मला दिसायचं ते अर्धं शटर. गॅरेजच्या आतल्या भागाला आणखी एक शटर होतं आणि मामा ते कायम अर्धं खाली ठेवायचे. दुपारी जेवल्यावर त्याखालून वाकून आत जायचे. मी एकदा विचारलं, आत काय आहे? "काम." मी येऊन बघू? "नको. आत हवा वाईट आहे. अष्टे."

आता फोनचं सांगते.

दुपारची वेळ होती. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून मोबाइल चार्जिंगला लावत होते, कारण माझ्या खोलीतला पॉइंट बिघडला होता (त्यावरही मी मामांना एक लेखी निवेदन दिलेलं होतं). शटरच्या आतून मामांचा आवाज येत होता. मेटगळ्ळीला त्यांचा एक मित्र होता, लेथवाला, त्याच्याशी ते आपल्या घरगुती मराठीत बोलत होते. मी ऐकलं ते असं:

"दोन्ही बाया आत अडकून पडल्यात रे. चार हजार झाल्याशिवाय उघडायच्या नाहीत, ते मला माहीत आहे की. पण आता चार हजार होऊन गेले तरी उघडेनात… हौदु, होय रे, सगळे तेच म्हणतात, तारेनं बांधून टाक. माझं मन होईना… काल एकीला तेल चोळलो. जरा हलली. दुसरी काळी पडलीय पार, जाम आहे… रविवारी दोघींना तुझ्याकडं घेऊन येतो. घासून काढू."

'उघडायच्या' हा शब्द मला जरा विचित्र वाटला, पण मामांच्या मराठीत क्रियापदं कुठंही लागायची. दार उघडायचं असेल, असं मी धरून चालले. बाकी शंका कसली? त्याच महिन्यात घरकामाला ठेवलेल्या एका पोरीला मालकांनी कोंडून घातल्याची तक्रार आमच्या संघटनेकडं आली होती. माझं डोकं आधीच तापलेलं. अर्धं शटर, वाईट हवा, चार हजार, तार! मला सगळं एका ओळीत दिसलं.

आणि मी काय केलं? ओरडले? शटर उचललं? नाही. वर जाऊन पत्रक लिहिलं. हे लिहिताना मला अजून लाज वाटते. खाली दोन बायका अडकल्यात असं खरंच वाटत असेल तर माणूस धावतो. मी मथळा शोधत बसले. बरा सापडलाही.

आमची पत्रकं कन्नडमध्ये निघायची. मी मराठीत लिहायचे, शारदक्काला हिंदीत समजावून सांगायचे, आणि ती ते कन्नडमध्ये उतरवायची. शारदक्का म्हणजे आमच्या संघटनेतली सगळ्यांत जुनी बाई, सुताच्या गिरणीत उभं आयुष्य काढलेली. मी तिला फोन करून सांगितलं, "दो औरतें बंद हैं, मेरे ही घर में." ती रिक्षा करून वीस मिनिटांत हजर झाली. मी कागद पुढं केला. तिनं तो बाजूला सारला आणि आपल्या हिंदीत म्हणाली,

"बायका खरंच असतील तर कागद नंतर. आधी खाली चल."

"आणि पत्रक?"

"ते पण घे. ज्याच्याविरुद्ध छापायचं त्याला आधी तोंडावर वाचून दाखवायचं. तू वाच, मी आत बघते."

हा तिचा नियम होता. मला तो अजिबात आवडायचा नाही. शत्रूला आधी वाचून दाखवायचं म्हणजे त्याला तयारीला वेळ देणं, असं माझं मत. पण शारदक्कापुढं कोण बोलणार.

खाली आलो तर शटर अर्धंच होतं. आम्ही वाकून आत गेलो. मामा एका खोक्यावर बसून कशाला तरी पॉलिश पेपर घासत होते. मागं ताडपत्रीखाली काहीतरी मोठं. बायका दिसल्या नाहीत. मी धरून चालले, ताडपत्रीमागं असतील.

"मामा, मी तुमच्याबद्दल एक पत्रक लिहिलंय. वाचून दाखवणार आहे."

"माझ्याबद्दल?" त्यांनी हात पुसले. "वाच की."

मी सभेतल्या आवाजात सुरू केलं. आम्हाला शिकवलेलं असतं की पत्रकात 'स्त्रिया' लिहायचं नाही, ते पुस्तकी वाटतं, 'बाया' लिहायचं. मी तसंच लिहिलं होतं.

"नागरिकांनो! आपल्या शेजारी, आपल्या नाकाखाली, दोन बाया आत कोंडून पडल्या आहेत!"

"कोंडून न्हवे," मामा म्हणाले. "अडकून. कार्बन धरलाय."

मी आवाज वाढवला. "चार हजार झाल्याशिवाय त्यांना मोकळी हवा मिळत नाही!"

"तीन हजार आठशे. पण चार हजार लिही, लोकांना सोपं पडतं."

"एकीला तेल चोळून कामाला जुंपण्यात येत आहे. दुसरी धुरानं काळवंडली आहे!"

"आधी रॉकेल, मग तेल. ते लिहिली नाहीस काय? नुसतं तेल लावून काय हालत नाही."

ताडपत्रीकडं निघालेली शारदक्का थांबून माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, हा माणूस किती निर्ढावलेला आहे!

"त्यांना तारेनं बांधून ठेवा, असे सल्ले राजरोस दिले जात आहेत!"

यावर मामा खोक्यावरून उठले. त्यांचे डोळे चमकत होते. "बघ! हेच! हेच मी गळा फाडून सांगतो. इंटरनेटवर बघ, अमेरिकेतला पण तेच सांगतो, तार बांध, तार बांध. आळशी लोक! तू लिहिलीस ते फार बरं केलीस."

शेवटची ओळ मी जवळजवळ किंचाळले. "दोघींना तात्काळ मुक्त करा!"

"तात्काळ न्हवे," मामा शांतपणे म्हणाले. "तिथं चुकलीस. तात्काळ मोकळं केलीस तर गाडी चढाला बसते."

"गाडी?" मी म्हटलं.

त्यांनी ताडपत्री ओढली. खाली एक बुटकी, लांब नाकाची, लाल रंग उडालेली जपानी गाडी होती. बॉनेट उघडं. त्यांनी टॉर्च मारला आणि इंजिनाच्या बाजूला असलेल्या एका भोकावर बोट ठेवलं. "ही एक बायि. आणि पलीकडं ही दुसरी बायि."

शारदक्का वाकली. मग तिनं खांब धरला. मग ती खाली बसली. ती रडतेय असं मला वाटलं, पण ती हसत होती. "अय्यो देवरे! बायि! बायि अंदरे… बायि म्हणजे हे ग, हे!" आणि तिनं आपल्या तोंडावर बोट ठेवलं.

कन्नडमध्ये तोंडाला बायि म्हणतात. गॅरेजचं काम मामा कन्नडमध्ये शिकले, म्हणून घरी मराठी बोलतानाही माणसाला तोंड आणि यंत्राला बायि. आणि मला हा शब्द माहीत नव्हता असंही नाही हो! म्हैसूरला आल्यावर मी शिकलेलं पहिलं कन्नड तेच. आमच्या पहिल्या मोर्चात एक अधिकारी मला 'बायि मुच्चु' म्हणाला होता, म्हणजे तोंड मिट. मी तो एकच शब्द समजून वहीत उतरवून ठेवला होता, अर्थ: उद्धट अधिकारी.

मामांनी माझ्या हातातून कागद घेतला. देवनागरी ते सावकाश वाचायचे, ओठ हलवत. 'मालक' या शब्दावर थांबले. 'पोलिसांनी' वर परत थांबले. शारदक्काचं हसू तेव्हा विरलं.

"म्हणजे ह्या बाया…" ते म्हणाले, "बायका?"

मी मान हलवली.

"मी. बायका. तारेनं."

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिला नाही.

"किती छापलीस?"

"एक पण नाही. आधी वाचून दाखवायचं, असा नियम आहे."

"कुणाचा? तुझा?"

"यांचा."

त्यांनी शारदक्काला हात जोडले. नुसते जोडले नाहीत. जोडून तसेच धरले. मग वाकून शटरखालून बाहेरच्या भिंतीकडं, किल्ल्यांच्या जुडग्यांकडं बघत राहिले, आणि मला त्या क्षणी कळलं की मी काय करायला निघाले होते. तो कागद मोहल्ल्यात फिरला असता तर संध्याकाळपर्यंत ते सगळे खिळे रिकामे झाले असते. मग मी कितीही खुलासे छापले असते, तरी पहिलं पत्रक खरं आणि दुसरं दबावाखाली, असंच लोक म्हणाले असते. मीही तेच म्हणाले असते. मी गाडीच्या बंपरवर बसले.

"त्याच्यावर बसू नकोस," मामा म्हणाले.

मामी मात्र आतून सगळं ऐकत होत्या. कॉफी घेऊन आल्या. "दोन बाया म्हणे! ह्यांना एकीला कॉफीची पूड आणून द्यायला चार दिवस लागतात."

पुढचे चार दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. समोरून गेले तरी 'सांगली' म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या खोलीतला विजेचा पॉइंट दुरुस्त झालेला होता. मी खाली गेले आणि काही न बोलता पॉलिश पेपर हातात घेतला. मग हळूहळू बोलणं सुरू झालं, 'सांगली' मात्र आलं नाही, आणि मला त्या बायांची खरी हकीकत कळली.

या गाडीच्या इंजिनात वरखाली जाणारं काही नाही. पोट फुगलेल्या समोशासारखा एक त्रिकोण आत गोल फिरतो, असे दोन. त्यांना हवा घ्यायला सहा बाया. चार कायमच्या उघड्या, दोन जादा, फिरत्या झडपेच्या. इंजिन हळू फिरत असताना जादाच्या दोन मिटलेल्याच बऱ्या. उघड्या राहिल्या तर हवेचा जोर मोडतो आणि गाडी धापा टाकते. इंजिन जोरात फिरायला लागलं, की चार बायांनी पोट भरत नाही. तेव्हा या दोन उघडायला हव्यात. मुळात त्या धुराच्या दाबानं आपोआप उघडायच्या. पण कुर्गच्या ज्या मळेवाल्याची ही गाडी होती, त्यानं हौसेनं मोठ्या भोकाचा, बंबासारखा सायलेन्सर बसवला. धूर सुसाट बाहेर जायला लागला, दाब गेला, बाया मिटल्या त्या मिटल्याच. त्यावर जगभरचा तोडगा म्हणजे तारेनं बांधून कायमच्या उघड्या ठेवा. मामांना तो पाप वाटायचा.

"भूक लागायच्या आधी घास कोंबायचा नाही, आणि भूक लागल्यावर ताट ओढायचं नाही," ते म्हणायचे. त्यासाठी त्यांनी एक छोटा हवेचा पंप बसवला, विजेवर उघडणारी एक तोटी बसवली, आणि ती उघडायला दोन अटी घातल्या: इंजिनाच्या फेऱ्या तीन हजार आठशेच्या वर हव्यात, आणि पाय पेडलवर निम्म्याहून जास्त दाबलेला हवा. "नुसता वेग पुरत नाही. उताराला पण वेग येतो. भूक पण पायजे."

एकदा मी एका उपोषणावरून घसा बसवून आले, तेव्हा म्हणाले, "तू सुरू होतानाच सगळ्या बाया उघडतीस. मग चढ आला की धाप लागते."

"मामा, बायकांनी तोंड कधी उघडायचं ते पुरुषांनी ठरवायचं नाही."

"मी इंजिनाचं बोललो."

"तुम्ही माझं बोललात."

त्यांनी थोडा विचार केला. "हौदु. तुझंच बोललो. चुकलो. अष्टे." असं सरळ चुकलो म्हणणारा माणूस मी आमच्या चळवळीतही फार बघितलेला नाही. पत्रकाबद्दल मला ते तोवर एका वाक्यातच काय, अजिबात जमलेलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी सकाळी आम्ही गाडी मेटगळ्ळीला नेली. कारखाने बंद, रस्ता मोकळा. लेथवाल्या मित्रानं त्या झडपा फिरवणाऱ्या नव्या कांड्या बनवून दिल्या होत्या. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याच्या खाली मामांनी दोन तांबडे दिवे लावले होते, एकेका बायिला एकेक. बायि उघडली की दिवा लागायचा. माझं काम काट्यावर आणि दिव्यांवर नजर ठेवून ओरडायचं. या कामाला मी लायक आहे, असं ते म्हणाले.

पहिल्या वेळी डावा दिवा तीन हजारालाच लागला आणि गाडीला ठसका लागल्यासारखं झालं. मामांनी उतरून एक स्क्रू चिमूटभर फिरवला. दुसऱ्या वेळी डावा वेळेवर आला, उजवा आलाच नाही. परत बॉनेट, परत रॉकेल. काळी पडलेली तीच. मामा तिला हातानं फिरवत होते, सावकाश, कुणाचा तरी मुरगळलेला पाय धरावा तसे. चार महिन्यांचं काम होतं त्यांचं.

तिसऱ्या वेळी काटा चढला. तीन हजार. साडेतीन. गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता. मामांनी पाय दाबला. मग दोन्ही दिवे एकदमच लागले, माझी पाठ सीटला चिकटली, आणि गुळण्या थांबून तो आवाज एकच एक, लांब, स्वच्छ झाला.

"उघडल्या! मामा, दोघी! दोघी उघडल्या!"

त्यांनी नाक ओढलं फक्त. रस्ता संपेपर्यंत त्यांनी पाय काढला नाही.

परत येताना मला वाटलं, आता बोलायलाच हवं. गाडी शहरात शिरली होती, त्या बंबासारख्या सायलेन्सरचा आवाज घुमत होता.

"मामा, मी चुकले."

"काय?"

"चुकले म्हटलं! पत्रकाचं!"

"ऐकू येईना ग. आवाज फार आहे. मोठ्यानं!"

समोर सिग्नल लाल झाला. बाजूला बस, स्कूटरी, एक फुलांची हातगाडी. मी छाती भरून घेतली आणि सभेतल्या आवाजात ओरडले, "मामा, मी तुमच्यावर खोटा आरोप केला! मला माफ करा!"

मी ओरडत असतानाच मामांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. 'आरोप'च्या पुढचं सगळं त्या शांततेत पडलं. बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली. फुलवाल्यानं हातगाडी थांबवली.

मामांनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं, मग माझ्याकडं.

"आता आलं ऐकू, सांगली," ते म्हणाले.